रिसोड ते रोसारिओ

बारावीचा निकाल लागला की आमच्या वाशिम जिल्ह्यात पोरांपेक्षा शेजाऱ्यांची धावपळ जास्त होते. "पास झाला काय? किती पडले? आता कुठी टाकता?" हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणी पेढा तोंडात टाकत नाही. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरंही ठरलेली आहेत. पोरगं हुशार असेल तर लातूरला किंवा अकोल्याला नीटची शिकवणी. मध्यम असेल तर बी.एस्सी. ॲग्री. अंगापिंडानं बरं असेल तर पोलीस भरती, म्हणजे रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळणं. यातलं काहीच जमत नसेल तर बी.ए., आणि बी.ए. करता करता एमपीएससी. या चौकटीबाहेरचं उत्तर कोणी दिलं, तर विचारणाऱ्याला वाटतं की पोरगं नापास झालं आणि घरचे लपवतायत.

रिसोड तालुक्यातल्या माझ्या भाचीनं असंच चौकटीबाहेरचं उत्तर दिलं. "स्पॅनिश."

"म्हंजे इंग्लिश स्पीकिंगचा कोर्स?" शेजारच्या काकांनी सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला.

"नाही काका, स्पॅनिश. हैदराबादले. भाषा, इतिहास, संस्कृती, समाजशास्त्र, सगळं."

"स्पेन कुठी हाय?"

"युरोपात."

"मंग हैदराबादले कायले जातं?"

भूगोलाच्या दृष्टीनं काकांचा मुद्दा बिनतोड होता.

स्पॅनिश शिकायची सोय आपल्याकडे आहे. फक्त 'आपल्याकडे' म्हणजे वाशिमात नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे वर्ग आहेत, दिल्लीला जेएनयू आहे, आणि हैदराबादला इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ आहे, ज्याला पोरं 'इफ्लू' म्हणतात. नाव ऐकून ताईला आधी साथीचा आजारच वाटला होता. स्पेन सरकारची भाषा शिकवणारी संस्था, इन्स्तितुतो सेर्वांतेस, 2009 पासून दिल्लीत आहे आणि तिचा पत्ता हनुमान रोड असा आहे. या सगळ्या माहितीतला भाचीच्या आजीला तेवढाच तपशील पटला. "मारुतीरायाच्या रस्त्यावर हाय म्हनते, मंग वाईट नसन."

हैदराबाद आम्हाला तसं परकं नाही. 1853 साली इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार हाती घेतला, त्याआधी आमचा महसूल निजामाकडेच जायचा. आता भाचीची फी जाते. परंपरा मोडली नाही, एवढंच समाधान.

दाजींना मात्र समाधान नव्हतं. त्यांना आकडे लागतात. म्हणून भाचीनं आकडे दिले. स्पॅनिश ही जवळपास 50 कोटी लोकांची मातृभाषा आणि विसेक देशांची राजभाषा. त्यातला एक देश उरुग्वे. 2011 च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाखांच्या घरात होती. असे तीन वाशिम एकत्र केले की उरुग्वे झाला. त्या उरुग्वेनं 1930 आणि 1950 साली फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. आम्ही 1998 साली अकोल्यापासून वेगळे निघालो आणि जिल्हा झाल्याच्या आनंदातून अजून बाहेर आलेलो नाही.

दिवाळीत भाची घरी आली ती 'र' घोटत. स्पॅनिशमध्ये जोड 'र' आला की जीभ टाळूजवळ फुरफुरवावी लागते, तिथं हयगय चालत नाही. वर्गातल्या शहरी पोरांचे त्यावर महिने गेले. हिला पहिल्याच दिवशी जमलं. कारण आबाजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, घरच्या खाण्यापुरती ज्वारी ठेवली होती आणि लहानपणी सुट्टीत तिचं काम एकच, माळ्यावर उभं राहून 'हुर्रर्र' करत पाखरं हाकलणं. आता आमच्याकडे ज्वारी गेली, सोयाबीन आलं, आणि सोयाबीनवर कोणी 'हुर्र' करत नाही. पुढच्या पिढीला स्पॅनिश उच्चार जड जाणार, ही काळजी कृषी विभागाच्या कुठल्याच अहवालात नाही.

व्याकरणाच्या वहीत तिनं दोन रकाने केले होते. आपण सगळीकडे 'आहे' म्हणून मोकळे होतो. त्यांच्याकडे दोन वेगळी क्रियापदं. माणूस मुळात जे असतो त्याला एक आणि त्याची सध्याची जी अवस्था असते तिला दुसरं. 'मी शेतकरी आहे' हे वाक्य पहिल्या रकान्यात आणि 'मी कर्जात आहे' हे दुसऱ्या. दाजींनी वही हातात घेतली, चष्मा लावला आणि म्हणाले, "दोन्ही एकाच रकान्यात लिही. उगंच जागा वाया कायले घालवतं?"

आजीचं मत फिरलं ते आडनावांवरून. स्पॅनिश माणूस बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतो. गाब्रिएल गार्सिया मार्केस या थोर लेखकाचं गार्सिया हे वडलांकडचं आणि मार्केस हे आईकडचं. आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "मायचं बी लावतेत? मंग शिकू दे पोरीले. शाहनी मानसं हायत." भाचीनं प्रामाणिकपणे पुढचंही सांगितलं, की रीत अशी पडली की आईचं आडनाव मागे राहायचं आणि नातवापर्यंत पोचेपोचेतो गळून जायचं. आजी परत आत गेली. आतून आवाज आला, "तिकडं बी तेच हाय म्हना." तुलनात्मक समाजशास्त्राचा एवढा आटोपशीर निष्कर्ष विद्यापीठातसुद्धा निघत नसेल. आपल्या सरकारनं 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव लावायचं ठरवलं, हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "पुढं टिकलं तं सांगजा."

खरी परीक्षा झाली ती पुढच्या पोळ्याला. आदल्या सांजेला आबाजींनी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले होते आणि कानाशी जाऊन "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं रीतसर सांगितलं होतं. पोळ्याच्या दिवशी बैल नदीवरून धुऊन आणले, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. तोरणाखालून घरी आले, आजीनं पाय धुतले, पुरणपोळीचा घास दिला. मग माणसं जेवायला बसली. आणि नेमका तेव्हाच भाचीला अभ्यासक्रम आठवला.

"आबाजी, स्पेनमधी पामप्लोना म्हनून गाव हाय. तिथं जुलैमधी बैल रस्त्यावर सोडतात, अन् लोक बैलापुढं पळतात."

"दावं तुटलं असन."

"नाही, मुद्दाम सोडतात. अन् संध्याकायी रिंगनात त्याच बैलाले मारतात. हजारो लोक पाहाले येतात."

आबाजींनी पोळी ताटात ठेवली. "अन् त्याचा मालक काय करते?"

"मालक त्याच्यासाठीच वाढवते. पैसे घेऊन देते."

"मंग तो शेतकरी नाय," आबाजी म्हणाले, "अडत्या हाय."

भाचीनं स्पेनची बाजू सावरायचा प्रयत्न केला. तिकडेही सगळ्यांना हे पसंत नाही. कातालोनिया प्रांतानं 2010 साली बैलांच्या झुंजींवर बंदी घातली. 2016 साली स्पेनच्या घटनात्मक न्यायालयानं ती रद्द केली. कोलंबियाच्या संसदेनं 2024 साली झुंजी टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा कायदा केला. म्हणजे परंपरा एकीकडे, कायदा दुसरीकडे, कोर्ट मधे. हे ऐकताना आबाजी जरा चुळबुळले. कारण आमच्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, तोही बरीच वर्षं असाच कोर्टात अडकला होता, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली, आणि आबाजी जुने पटशौकीन.

"पटात बैल मरत नाय," ते म्हणाले.

"पन तुतारी टोचत होते ना, आबाजी?"

आबाजींनी नातीकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. "तू पोयी खाय," म्हणाले, आणि परिसंवाद संपला.

टोमॅटोच्या धड्याला मात्र दाजी खुलले. बुन्योल नावाच्या गावात ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी लोक एकमेकांना टोमॅटो फेकून मारतात, ट्रकच्या ट्रक रिकामे होतात, परदेशातून पाहुणे येतात, तिकीट काढतात. "तिकीट काढून?" दाजींचा विश्वास बसेना. "आम्ही तं दरवर्षी फुकटात फेकतो." खरंच आहे. तिकडे तो सण, इकडे ते आंदोलन, टोमॅटो तोच. फरक एवढाच की तिकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हसणाऱ्या लोकांचे फोटो येतात.

मेक्सिकोत 1 आणि 2 नोव्हेंबरला मेलेल्या माणसांना घरी बोलावतात, त्यांच्या आवडीचं रांधतात, फोटोपुढे मांडतात आणि वाट चुकू नये म्हणून झेंडूच्या पाकळ्या टाकून ठेवतात. यात शिकण्यासारखं काय आहे, हे आजीला कळेना. पितरं जेवू घालायची हे तिला कोणी हैदराबादला पाठवून शिकवलं नव्हतं. पण तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच आहे, म्हटल्यावर ती चमकली. दसऱ्याला दाराला काय लावायचं मग? इथं भाचीनं जरा घाईच केली. तिनं यादी वाचली: मका तिकडचा, मिरची तिकडची, शेंगदाणा तिकडचा, टोमॅटो, बटाटा, सीताफळ, सगळं अमेरिका खंडातून आलेलं, 1492 साली कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतरचं. आबाजींनी फुलं सोडली, पण मिरचीवर अडून बसले. कोलंबसाच्या आधी वऱ्हाडी माणूस ठेच्याशिवाय भाकर खात होता, हा इतिहास त्यांना मान्य नाही. पुरावा दाखवला तरी मान्य नाही.

इथवर सगळं गमतीनं चाललं होतं. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्राचे पेपर सुरू झाले आणि गंमत दाजींच्या घरात शिरली.

1 जानेवारी 1994 ला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार लागू झाला. अमेरिकेतला अनुदानावर पिकलेला स्वस्त मका मेक्सिकोत येऊ लागला. ज्या भूमीत मका जन्मला तिथलाच मकेवाला भावात मार खाऊ लागला, आणि कित्येकजण शेती सोडून मजुरीला उत्तरेकडे निघाले. भाची हे परीक्षेसाठी पाठ करत होती. दाजी ओसरीवर बसून ऐकत होते. "हे आपल्याच तालुक्याचं वाचतं का?" त्यांनी विचारलं. "नाही बाबा, मेक्सिकोचं." "नाव बदलून लिहिलं असन मंग."

वाशिम जिल्हा सोयाबीनवर जगतो. 2025-26 साठी केंद्रानं क्विंटलला 5,328 रुपये हमीभाव जाहीर केला. बाजारात प्रत्यक्ष कितीनं गेलं, हे विचारून कोणाची दिवाळी खराब करू नये. भाव का पडला म्हणून अडत्याला विचारलं, की तो एकच उत्तर देतो: "अर्जेंटिनात पीक जोरात हाय." हे खोटं नाही. सोयाबीनचं तेल आणि पेंड निर्यात करण्यात अर्जेंटिना जगात पुढे, आणि आपल्या कढईतलं बरंचसं सोयातेल तिथूनच येतं. पण 2022-23 मध्ये अर्जेंटिनात मोठा दुष्काळ पडला, पीक निम्म्यावर आलं. तरी आमचे भाव काही आभाळाला टेकले नाहीत. जाब विचारल्यावर अडत्यानं ब्राझीलचं नाव सांगितलं. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलतात, ती भाचीला येत नाही, म्हणून तो वाचला.

अर्जेंटिनापुरतं मात्र आता त्याला जपून बोलावं लागतं. पराना नदीकाठी रोसारिओ नावाचं शहर आहे. गावातल्या पोट्ट्यांना ते मेस्सीचं जन्मगाव म्हणून ठाऊक. भाचीनं दाजींना सांगितलं, की सोयातेलाच्या गिरण्या आणि बंदरंही त्याच पट्ट्यात आहेत आणि तिथला धान्यबाजार पिकाचे अंदाज स्पॅनिशमधून जाहीर करतो. आता ती हैदराबादहून फोनवर ते वाचून सांगते. पेरा किती झाला, पाऊस किती पडला, शेंगा कशा भरल्या. दाजी चावडीवर बसून रोसारिओचं हवामान सांगतात, रिसोडचं अजून नक्की सांगता येत नाही. भाव यानं वाढला का? नाही. पण अडत्यानं तोंड उघडलं, की दाजी म्हणतात, "थांब, पोरीले फोन लावतो." एवढ्यानंही माणसाचा खांदा ताठ होतो.

तेवढ्यात मेक्सिको थेट शेतातच आलं. गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात रब्बीला चिया पेरू लागले आहेत. वाशिमच्या बाजारात त्याचे सौदेही होतात. चिया मूळचं मेक्सिकोकडचं. आपल्याकडे पाहणारा प्रत्येकजण "हे तं सब्जा हाय" म्हणतो आणि पाण्यात टाकून खात्री करतो. दाणा इतका बारीक, की साध्या बारदान्यात भरलं तर वजनकाट्यापर्यंत जाईतो वाट रंगते. दाजींनी पहिल्या वर्षी पोत्याला आतून प्लास्टिक लावलं आणि मग खाली ताडपत्रीही अंथरली. पण चियाचा खरा गुण शहरातल्या डाएटवाल्यांना ठाऊकच नाही. ते लोक ओमेगा-थ्री बद्दल बोलतात. आमचा शेतकरी सांगतो, की रोही आणि रानडुक्कर याला तोंड लावत नाही. रात्रभर जागलीवर न जाता जे पीक घरी येतं, ते कोणत्या देशाचं आहे हे विचारायला इथं कोणाला वेळ नाही.

हा व्यवहार एकतर्फी नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. शंभर वर्षांपूर्वी विदर्भानं मेक्सिकोला एक माणूस दिला होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म वर्ध्याचा. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, इंग्रजांविरुद्ध गदर चळवळीत उतरले, देशोदेशी वणवण केली आणि 1924 च्या सुमारास मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या नव्या वाणांवर काम केलं, त्यावर स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिली, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जे चित्र काढलं, त्यात सगळ्यांना भाकरी मोडून देणारा माणूस आहे तो हा वर्ध्याचा खानखोजे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि 1967 साली नागपुरात वारले. 2022 मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळा बसला, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला त्याच्या अनावरणाला गेले होते. आमच्याकडे दहा जणांना खानखोजे कोण विचारा. नऊजण कोणत्या पक्षाचे, असं विचारतील, आणि दहावा त्यांना ओळखतो असं सांगेल.

विशेष म्हणजे मेक्सिकोला निघताना खानखोज्यांना कोणी 'प्लेसमेंट किती टक्के' असं विचारलं नव्हतं.

भाचीला रोज विचारतात. तिच्याकडे उत्तरं आहेत. भाषांतर, पर्यटन, दूतावास, शिक्षकी पेशा. पुण्याच्या बजाजच्या मोटारसायकली कोलंबिया-मेक्सिकोत धावतात, औषध कंपन्या तिकडे माल पाठवतात, त्यांना स्पॅनिश येणारी माणसं लागतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांमध्ये स्पॅनिशचं नाव घेतलंय, म्हणजे उद्या शिक्षकही लागतील. हे सगळं ऐकून काका शांतपणे विचारतात, "म्हंजे सरकारी नाय?" लग्नाच्या बायोडाट्यात 'बी.ए. (स्पॅनिश)' लिहिलं, तर एका पाहुण्यानं ताईला बाजूला घेऊन विचारलं, की पोरगी इथलंच खाते ना?

आणि भाषेशी आमचं जुनं नातं आहे, हे तर आम्ही विसरलोच. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. हजारेक वर्षांपूर्वी राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त कथा सांगितली, की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या देशभर फिरले, सगळीकडच्या रीती-बोली पाहिल्या, आणि त्यांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. म्हणजे साक्षात साहित्याचं लग्न आमच्या गावात लागलं. आम्ही मात्र तेव्हापासून वरातीतच नाचतोय. हल्ली डीजेवर 'देस्पासितो' लागतं, त्यावरही नाचतो आणि ते कोणत्या भाषेत आहे याची चौकशी करत नाही.

जिल्ह्यातल्या कॉलेजांनी निदान सहा महिन्यांचा एक स्पॅनिशचा वर्ग काढावा. पहिल्या बाकावर पोरं बसतील, मागच्या बाकावर सोयाबीनवाले बसतील, दोघांनाही कामाचा आहे. आणि वाचकहो, तुमच्या घरातलं कोणी उद्या "स्पॅनिश शिकतो" म्हणालं, तर "नोकरी लागते काय?" हे जरूर विचारा. फक्त तोच प्रश्न इंजिनिअरिंग, डी.एड., बी.एस्सी. आणि पहाटेच्या पोलीस भरतीलाही विचारा, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पोरीला शिकू द्या.